चाल मंदावते तेव्हा मेंदूच्या चित्रात काय दिसते

नाशिकमध्ये पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की किती क्युसेक विसर्ग झाला याच्या बातम्या येतात, परंतु गावातला माणूस शेजाऱ्याला विचारतो ते वेगळेच: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, एवढ्या उत्तरावर गोदाकाठचे दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. नदीपात्रातली ती मूर्ती पूर आणत नाही आणि थांबवतही नाही. वरच्या अंगाला काय चालले आहे ते खाली, सर्वांना दिसेल अशा जागी दाखवते. उतारवयात माणसाची चाल मेंदूच्या बाबतीत असेच काम करते, आणि ते आपल्या घरांमध्ये फार उशिरा लक्षात येते.

माझी आत्या पंचवटीत राहते. सत्तरी ओलांडल्यावरही ती रोज सकाळी काळाराम मंदिरात आणि तिथून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पायी जात असे. मग तिची पावले आखूड झाली, चपला फरशीवर घासल्याचा आवाज येऊ लागला, आणि मागे वळायचे असेल तर दोन पावलांऐवजी ती सात-आठ पावले घेऊ लागली. आम्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढले. त्यांत झीज दिसली, कारण त्या वयात ती बहुतेकांच्या गुडघ्यांत दिसते, आणि वर्षभर गुडघ्यांचेच उपचार चालू राहिले. त्याच काळात गॅसवरचे दूध उतू जाणे, एकच गोष्ट तीनदा विचारणे, भिशीचे पैसे दिले की नाही ते न आठवणे हेही सुरू झाले होते. त्यासाठी आमच्याकडे दुसरे उत्तर तयार होते, ते म्हणजे वय झाले. पाय एका खणात आणि आठवण दुसऱ्या खणात, अशी आम्ही विभागणी करून टाकली होती. ही चूक आमची होती आणि तपासणाऱ्यांचीही. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहिल्या गेल्या असत्या तर मेंदूचा एमआरआय निदान वर्षभर आधी झाला असता.

या दोन तक्रारी एकत्र का लिहायच्या, हे कळण्यासाठी चालण्याच्या क्रियेत मेंदूचा किती भाग गुंतलेला असतो ते पाहिले पाहिजे. पाय हलवण्याचा हुकूम मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीच्या काठावरून, अगदी माथ्याजवळून सुटतो. त्याच्या पुढच्या बाजूचा भाग पावलांचा क्रम आणि सुरुवात ठरवतो. मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया नावाच्या गाठी पावलाची लांबी आणि लय सांभाळतात, लहान मेंदू तोल राखतो, आणि मेंदूच्या देठातील व मज्जारज्जूतील पेशी पावलामागून पाऊल आपोआप पडेल अशी व्यवस्था करतात. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तरुण माणसाचे एवढ्यावर भागते. परंतु रविवार कारंजावर रस्ता ओलांडताना डावीकडची रिक्षा, उजवीकडची दुचाकी, समोरचा खड्डा आणि हातातली पिशवी हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि तेथे कपाळामागचा भाग कामाला लागतो. लक्ष देणे, निर्णय घेणे, एक काम थांबवून दुसरे करणे ही त्याची कामे, आणि विसराळूपणा सुरू होतो तेव्हा अनेकदा हीच कामे आधी अडखळू लागतात. आपण कोठे आहोत आणि कोठे निघालो आहोत याचा नकाशा हिप्पोकॅम्पस नावाच्या, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेल्या भागात राहतो, आणि नव्या आठवणी पक्क्या करणारी जागाही तीच. म्हणजे चालणे आणि आठवणे ही दोन वेगळ्या खोल्यांतली कामे नसून त्यांचे सामान बरेचसे एकाच खोलीत आहे.

याचा सर्वांत साधा पुरावा कोणत्याही यंत्राविना मिळाला. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांनी वृद्धांच्या एका निवासात राहणाऱ्या ५८ जणांना चालता चालता बोलते केले. त्यांपैकी १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ जणांपैकी १० जण पडले. हे निरीक्षण १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हापासून चालताना बोलायला लावणे ही मेंदूची राखीव ताकद जोखण्याची एक मान्य रीत झाली. ज्याच्या मेंदूला चालण्यासाठीच सगळे लक्ष खर्च करावे लागते, त्याच्याकडे बोलण्यासाठी लक्ष उरत नाही. मग तो एक तर थांबतो किंवा तोल घालवतो.

पुढे न्यूयॉर्कमधील जो वर्गीस या मेंदूविकारतज्ज्ञांनी मंद चाल आणि स्वतःला जाणवणारी विस्मरणाची तक्रार या दोन गोष्टी, स्मृतिभ्रंश झालेला नसताना, एकत्र आढळल्या तर त्यांना एकच नाव द्यावे असे सुचवले. मोटरिक कॉग्निटिव्ह रिस्क सिंड्रोम हे ते नाव. त्याचा अर्थ एवढाच की ही जोडी पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका वाढल्याची खूण आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १७ देशांतील २२ पाहण्यांमधून २६,८०२ वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा सुमारे १०० पैकी १० जणांत ही जोडी आढळली. त्या माहितीत केरळमधील वृद्धही होते. मला या कल्पनेचे महत्त्व वाटते ते तिच्या स्वस्तपणामुळे. तिच्यासाठी घड्याळ आणि चार मीटरची मोकळी जागा पुरते. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला पाच सेकंदांहून जास्त लागत असतील, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरहून कमी असेल, तर तो मंद मानण्याची प्रथा आहे. अर्थात गुडघे, डोळे, हृदय आणि फुप्फुसे यांच्यामुळेही चाल मंदावते, म्हणून घड्याळ फक्त संशय सांगते. संशयाचे कारण शोधायला आत डोकावावे लागते.

आत डोकावण्याची सोय फार जुनी नाही. जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर झाला. सीटीमध्ये क्ष-किरण डोक्याभोवती फिरवून पातळ कापांची चित्रे तयार होतात. काम काही मिनिटांत होते आणि रक्तस्राव चटकन दिसतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाण्याचा अंश मोठा, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. दीड टेस्लाचा चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचा, या अणूंच्या केंद्रांना एका दिशेला वळवतो. रेडिओलहरींचा धक्का देऊन त्यांना विचलित केले जाते, आणि पूर्वस्थितीला येताना ती जो क्षीण संदेश सोडतात त्यावरून चित्र बांधले जाते. चरबीतले, पेशीतल्या पाण्यातले आणि मोकळ्या पाण्यातले हायड्रोजन अणू वेगवेगळ्या वेगाने पूर्वस्थितीला येतात, म्हणून मेंदूचे वेगवेगळे भाग वेगळे दिसतात. यंत्राचा जो ठकठक आवाज वृद्धांना घाबरवतो, तो चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला बदलणाऱ्या वेटोळ्यांचा असतो. त्यात धोका काही नाही, मात्र कानात बोळे घालून घ्यावेत. पेसमेकर, जुन्या शस्त्रक्रियेतील क्लिप किंवा शरीरातले कोणतेही धातूचे साहित्य याची माहिती आधीच द्यायला हवी.

फिल्मवर मेंदूचे दोन थर स्पष्ट ओळखू येतात. बाहेरच्या घड्यांमध्ये पेशींचे करडे द्रव्य आणि आत, एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे संदेश नेणाऱ्या तंतूंचे पांढरे द्रव्य. वृद्धांच्या अहवालात बहुतेक वेळा जो शब्द भेटतो तो या पांढऱ्या द्रव्याविषयीचा असतो. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रप्रकारात मोकळे पाणी मुद्दाम काळे केलेले असते, त्यामुळे इजा झालेल्या तंतूंच्या जागी जास्तीचे पाणी साचले असेल तर तेथे पांढरे डाग उठून दिसतात. अहवालात त्यांना 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणतात. घरच्यांनी हे शब्द वाचले की पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असे समजून ते हबकतात, किंवा 'वयामुळे' एवढेच ऐकून कागद कपाटात ठेवतात. दोन्ही चुकीचे आहे.

द्राक्षबाग असलेल्या घराला हे डाग लगेच समजतात. मुख्य पाइपला पाणी भरपूर असते, विहीर भरलेली असते, मोटर चालू असते. पण लॅटरलच्या, म्हणजे वेलींपाशी जाणाऱ्या ठिबकच्या बारीक नळीच्या, टोकाकडचे ड्रिपर क्षारांनी चोंदत जातात आणि त्या टोकाच्या वेली आधी मलूल होतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्या खोल पांढऱ्या द्रव्यात लांबवर जातात आणि तेथेच संपतात; त्यांना बाजूने दुसरी वाट फारशी नसते. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला, मधुमेह अनियंत्रित राहिला, तंबाखू-विडी चालू राहिली, की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आणि टोकाच्या तंतूंना पाणी म्हणजे रक्त कमी पडू लागते. एकही झटका न येता, एकही दिवस अंथरुण न धरता हे नुकसान होत राहते. कपाळामागच्या भागाला गाभ्यातल्या गाठींशी आणि पायांना हुकूम देणाऱ्या पट्ट्याशी जोडणाऱ्या तारा नेमक्या याच भागातून जातात, म्हणून अशा माणसाच्या पायात ताकद असूनही पाऊल अडते, आणि आठवण पूर्ण गेलेली नसूनही ती वेळेवर हाताशी येत नाही. विचार मंदावणे, दोन कामे एकत्र न जमणे, पाय रुंद ठेवून आखूड पावले टाकणे, लघवीची घाई होणे, आणि अनेकांमध्ये कशातच उत्साह न वाटणे, हे सारे या एकाच कारणाने होऊ शकते.

डाग किती आहेत हे सांगण्यासाठी फ्रान्झ फाझेकास आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली सुचवलेली ० ते ३ ही श्रेणी आजही वापरतात. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळू लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. साठीनंतर काही ठिपके बहुतेकांच्या चित्रात असतात आणि १ या श्रेणीची धास्ती घेण्याचे कारण नाही. २ आणि ३ मात्र गंभीरपणे घ्याव्यात. युरोपातील ११ केंद्रांवर ६३९ वृद्धांना तीन वर्षे पाहिलेल्या लॅडिस नावाच्या अभ्यासात, स्वावलंबी असलेल्या माणसाचे परावलंबी होण्याचे किंवा दगावण्याचे वार्षिक प्रमाण सौम्य डाग असलेल्यांत सुमारे १० टक्के, तर तीव्र डाग असलेल्यांत जवळपास ३० टक्के आढळले.

पडलेला डाग पुसण्याचे औषध नाही, परंतु नव्या डागांचा वेग कमी करता येतो, आणि येथे अहवालाचा खरा उपयोग सुरू होतो. अमेरिकेतील स्प्रिंट या चाचणीत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांचे दोन गट केले होते. एका गटात वरचा रक्तदाब १४० च्या खाली, दुसऱ्यात १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटात स्मृतिभ्रंशाआधीची सौम्य बौद्धिक घट कमी जणांत आढळली, आणि ज्यांचे एमआरआय पुन्हा काढले त्यांच्यात पांढऱ्या डागांची वाढही कमी दिसली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही, आणि त्या चाचणीत मधुमेही किंवा आधी पक्षाघात झालेले रुग्ण नव्हते. शिवाय वृद्ध माणसाचा दाब फार उतरवला तर उठताना चक्कर येऊन तो पडू शकतो, म्हणून लक्ष्य किती ठेवायचे हे बसून आणि उभे राहून, दोन्ही वेळचा दाब पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. तरीही आपल्याकडे 'त्रास नाही, म्हणून गोळी बंद केली' असे सांगणारे इतके लोक भेटतात की हा परिच्छेद मी दोनदा लिहायला तयार आहे. रक्तदाबाचा त्रास होत नाही. त्याचे डाग पडतात.

अहवालातील दुसरा शब्द अ‍ॅट्रॉफी, म्हणजे मेंदू आक्रसणे. वयाबरोबर सगळ्यांचाच मेंदू थोडा आक्रसतो, घड्यांमधल्या खाचा रुंद होतात. प्रश्न असतो तो कोणता भाग इतरांहून जास्त आक्रसला याचा. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस विशेष बारीक झाला असेल आणि नव्या गोष्टी लक्षात राहणे हीच मुख्य तक्रार असेल, तर अल्झायमरचा संशय बळावतो. हिप्पोकॅम्पसचे आठवणीशी असलेले नाते १९५३ सालच्या एका शस्त्रक्रियेनंतर उलगडले. हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून त्याचे दोन्ही बाजूंचे हे भाग काढले गेले, आणि त्यानंतर त्याची नवी आठवण टिकेना. परंतु ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला दिली तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, जरी आपण हे आधी केल्याचे त्याला आठवत नसे. हाताचे शिकणे आणि घटनेची आठवण वेगवेगळ्या जागी राहतात हे त्यावरून समजले. चालीच्या बाबतीत मात्र हिप्पोकॅम्पस अगदीच परका नाही. पिट्सबर्ग येथील २०१७ सालच्या एका अभ्यासात १७५ वृद्धांची चाल १४ वर्षे मोजत राहिल्यावर असे दिसले की ज्यांची चाल अधिक मंदावत गेली त्यांचा उजवा हिप्पोकॅम्पस अधिक लहान होता. जुन्या नाशकात भद्रकालीतून सराफ बाजारात जाताना कोणत्या बोळातून वळायचे हे आयुष्यभर न विचारता कळणारा माणूस वळणावर घुटमळू लागतो, तेव्हा तो पायांमुळे थांबला की नकाशामुळे, हे बाहेरून ओळखणे खरोखर अवघड असते.

आता ज्या कारणासाठी हे चित्र काढण्याचा आग्रह मी सर्वांत जास्त धरेन त्याकडे येतो. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतो. एका वेळी मात्र मेंदू आणि मणक्याभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटरच असतो, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा तो नवा होतो आणि जुना शोषला जातो. काही वृद्धांमध्ये हा निचरा मंदावतो, पोकळ्या फुगतात आणि त्यांच्या कडेने जाणाऱ्या तंतूंवर ताण येतो. एक जुने स्पष्टीकरण असे की पायांकडे जाणारे तंतू पोकळ्यांच्या जवळून वळसा घेतात, म्हणून पायांना आधी झळ लागते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, विस्मरण आणि लघवीवरचा ताबा सुटणे या तीन गोष्टी एकामागून एक येतात. पाठीतून सुई घालून दाब मोजला तर तो बहुधा सामान्यच निघतो, म्हणून या आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असे नाव पडले.

हे नाव दिले कोलंबियातील सालोमोन हाकिम यांनी. १९५७ साली बोगोटा येथे अपघातात डोक्याला मार लागलेल्या १६ वर्षांच्या मुलाच्या पोकळ्या फुगलेल्या त्यांना दिसल्या. दाब सामान्य होता, तरी तपासणीसाठी थोडा द्रव काढल्यावर मुलगा सुधारला. १९६५ साली त्यांनी रेमंड अ‍ॅडम्स आणि इतर सहकाऱ्यांबरोबर हा आजार जगापुढे मांडला. त्यांच्यापुढे तेव्हा सीटीही नव्हता, एमआरआयही नव्हता. पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढण्याची त्रासदायक पद्धत वापरावी लागत असे. आज एका फिल्मवर तीन गोष्टी पाहता येतात. पहिली, इव्हान्स निर्देशांक: पोकळ्यांच्या पुढच्या, शिंगांसारख्या टोकांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी. तो ०.३ हून जास्त असेल तर पोकळ्या मोठ्या आहेत. दुसरी, दोन पोकळ्यांच्या छतांमधला कोन. या आजारात तो बहुधा ९० अंशांहून कमी, निमुळता होतो. तिसरी मला सर्वांत बोलकी वाटते. मेंदू नुसताच आक्रसला असेल तर पोकळ्यांबरोबर माथ्याकडच्या खाचाही रुंदावतात. निचरा तुंबला असेल तर पोकळ्या आणि कानाजवळची मोठी फट रुंदावते, पण माथ्याकडच्या खाचा दाबल्या जाऊन जवळजवळ मिटतात. वर घट्ट आणि खाली सैल, असे ते चित्र.

चित्र जुळले तरी लगेच शस्त्रक्रिया होत नाही. आधी माणसाची चाल मोजतात, मग कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि पुन्हा चाल मोजतात. पावले लांबली, वळणे सोपे झाले, तर पोकळीतून पोटात पाणी उतरवणारी बारीक नळी, म्हणजे शंट, बसवल्याने फायदा होण्याची शक्यता चांगली. फरक दिसला नाही म्हणून आजार नाहीच असेही ठामपणे म्हणता येत नाही. शंटनंतर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त सुधारते ती चाल. आठवण त्या मानाने कमी सुधारते, आणि जितका उशीर तितकी कमी. नळी तुंबणे, जंतुसंसर्ग, कवटीखाली रक्त साचणे असे धोकेही आहेत. पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा लुळा होतो, ही आपल्याकडची भीती मात्र निराधार आहे. काही दिवस डोके दुखू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगणे आवश्यक, कारण सुईच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो.

तुंबलेल्या निचऱ्याप्रमाणेच चित्रात चटकन सापडणारे आणि बरे होऊ शकणारे आणखी एक कारण आहे. न्हाणीघरात किंवा उंबऱ्याला लागून डोके किंचित आपटते, टेंगूळ येते, सगळे विसरतात. कवटीखाली हळूहळू रक्त साचत राहते आणि काही आठवड्यांनी चाल व बुद्धी दोन्ही ढासळतात. साधा सीटी ते दाखवतो आणि छोटे छिद्र पाडून ते काढता येते. चाल अचानक, दिवस किंवा आठवड्यांच्या हिशेबाने बिघडली तर वाट पाहू नये, ते याचसाठी. पार्किन्सनमध्ये मात्र साधा एमआरआय बहुतेक वेळा सामान्यच येतो. तेथे डॉक्टरांचे डोळे यंत्रापेक्षा जास्त सांगतात.

काही कारणे चित्रात दिसतच नाहीत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत सहज आढळते, तिने पायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि विस्मरणही होते. थायरॉइड मंदावल्याने विचार आणि हालचाल मंद होतात. या दोन्हींसाठी रक्ताची साधी तपासणी लागते आणि ती एमआरआयच्या खर्चाच्या आधी व्हायला हवी. उलट चित्रात पुष्कळ डाग असूनही उत्तम चालणारी, पंचांग तोंडपाठ असणारी माणसे असतात, आणि जवळजवळ स्वच्छ चित्र असूनही घरचा पत्ता विसरणारी माणसेही. म्हणून फिल्म माणसाशेजारी ठेवून वाचावी लागते. माणूस न पाहता केवळ अहवालावरून भाकीत करणाऱ्यावर, मग तो नातेवाईक असो वा तज्ज्ञ, मी विश्वास ठेवत नाही.

यंत्राची एक मूळ अडचणही आहे: चालणाऱ्या मेंदूचे चित्र हवे असते आणि एमआरआयमध्ये माणसाला निश्चल झोपावे लागते. संशोधकांनी यावर वाटा काढल्या आहेत. कोणी आत झोपलेल्या माणसाला 'आपण चालतो आहोत' अशी कल्पना करायला सांगून मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा वाढतो ते पाहतात. कोणी किरणोत्सारी साखर टोचून माणसाला आधी चालवतात आणि मग पेट स्कॅनमध्ये ती साखर मेंदूत कोठे साचली ते पाहतात. त्या साखरेचा किरणोत्सार सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, एवढा वेळ त्यांना मिळतो. तिसरी वाट मला सर्वांत आशादायक वाटते. कपाळावर बांधलेल्या पट्टीतून अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून थोडा आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तेथील रक्तातला प्राणवायू मोजायचा. ही पट्टी बांधून माणूस चालू शकतो. अशा प्रयोगांत चालताना बोलायला लावले की कपाळामागच्या भागातली हालचाल वाढलेली दिसते, म्हणजे स्वीडनमधल्या त्या १२ जणांच्या थांबण्यामागे काय घडत असावे ते आता पाहता येऊ लागले आहे. हे अजून रोजच्या दवाखान्यातले तंत्र नाही.

रोजच्या दवाखान्यासाठी घरच्यांनी करण्यासारखे काम साधे आहे आणि त्याने निदानाला मोठी मदत होते. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा: खुर्चीतून उठणे, सरळ चालणे, वळणे, परत येणे, आणि शेजारी कोणी धरायला उभे असताना शंभरातून तीन-तीन वजा करत चालणे. डॉक्टरांच्या खोलीत वृद्ध माणूस आपली सर्वांत चांगली चाल दाखवतो. घरातली चाल खरी असते. सोबत चाल कधी बदलली, विसरणे कधी सुरू झाले आणि लघवीची तक्रार आहे का, हे तीनही एकाच कागदावर तारखांसह लिहावे. तिसरी गोष्ट आपल्याकडे सुना-मुलांपुढे सांगितली जात नाही, म्हणून ती हळुवारपणे विचारावी लागते. आत्याने ती वर्षभर लपवली होती.

तिच्या चित्रात पांढरे डाग दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या मधले निघाले. पोकळ्या थोड्या मोठ्या होत्या, इव्हान्स निर्देशांक ०.३१, परंतु माथ्याकडच्या खाचाही रुंद होत्या आणि कोन निमुळता नव्हता, म्हणून शंटचा विचार मागे पडला. ब-१२ कमी निघाले. तिची रक्तदाबाची गोळी सहा महिने अनियमित चालली होती, हेही तेव्हाच उघड झाले. इंजेक्शने, नियमित गोळी, फिजिओथेरपी, न्हाणीघरात धरायला दांडी आणि संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर नातवासोबत दोन फेऱ्या, असा तिचा आजचा क्रम आहे. पावले पूर्वीसारखी झालेली नाहीत, पण वर्षभरात ती पडलेली नाही. सपाट जागी नातू तिच्याशी मुद्दाम बोलतो, शाळेतले विचारतो, जुनी नावे आठवायला लावतो. रामकुंडाच्या पायऱ्या आल्या की तो गप्प होतो आणि तिचा हात धरतो. शेवटची पायरी उतरून झाली की मग अर्धवट राहिलेले वाक्य पुढे सुरू होते.